ऋतू बदलायच्या आत घर कसं तपासायचं (आणि शेजारच्यांना सोबत का घ्यायचं)

आमच्या बेडरूमच्या खिडकीवर भिंतीला एक डाग होता. ताटाएवढा, कडेने पिवळट, मधे पोपडे आलेले, आणि पाऊस लागला की तिसऱ्या दिवशी हमखास ओला. वरच्या काकूंना झाडांचा भारी नाद, खिडकीच्या ग्रिलमधे पंधरा-वीस कुंड्या, म्हणजे पाणी तिथूनच झिरपतंय हे मी स्वतःच ठरवून मोकळा झालो होतो. दोन वर्षं मी त्यांच्याशी जिन्यात तोंडदेखलं हसून पुढे जायचो. मग एका पावसाळ्यात काकू महिनाभर मुलीकडे गेल्या, कुंड्या खाली अंगणात उतरवून ठेवल्या, ग्रिल रिकामं, आणि तरी आमचा डाग ओलाच! त्या परत आल्यावर मी जरा ओशाळून विषय काढला तर म्हणाल्या, "अरे, मग वर ये ना, माझ्या खिडकीतून बघ तुझा छज्जा." गेलो, वाकून बघितलं. आमच्याच खिडकीवरच्या छज्ज्यावर बोटभर माती, कुजलेली पानं, एक प्लास्टिकची पिशवी आणि त्यात वीतभर वाढलेलं पिंपळाचं रोप, त्याची मुळं बरोबर छज्जा आणि भिंतीच्या सांध्यात घुसलेली. पाणी तिथे साचायचं आणि भिंतीत उतरायचं. माझ्या घरातून तो छज्जा दिसतच नाही. दिसतो फक्त काकूंच्या खिडकीतून.

तेव्हापासून घराच्या देखभालीची माझी पद्धतच बदलली, तीच इथे सांगतोय. सोपी आहे, पण क्रम पाळा.

सगळ्यात आधी: एक वही

मोबाइलमधे फोटो काढाच, पण वही हवी. प्रत्येक खोलीला एक पान. डाग, तडा, घट्ट बसणारं दार, ठिबकणारा नळ, जे दिसेल ते तारखेसकट लिहायचं. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारून बाजूला भिंतीवरच बारीक अक्षरात तारीख टाका. सहा महिन्यांनी तडा रेघेच्या आतच असेल तर तो बहुतेक प्लास्टरचा किरकोळ तडा, भरून रंग मारला की विषय संपला. रेघ ओलांडून पुढे गेला असेल, किंवा आधी नख जात नव्हतं तिथे आता नाणं जातंय असं झालं, तर गवंड्याला नाही, इंजिनिअरला दाखवा. तसंच बीमच्या किंवा पिलरच्या कडेने सरळ तडा आणि तिथे तांबूस गंजाचा ओघळ दिसला तर थांबूच नका. आतली सळई गंजली की ती फुगते, मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेते आणि काँक्रीट आतून फोडते. त्यावर वरून पुट्टी मारणं म्हणजे ताप आलेल्या माणसाला पावडर लावण्यासारखं आहे.

पाऊस यायच्या आधी: बाहेरून एक फेरी

आपण घर आतून बघतो, पाणी येतं बाहेरून. म्हणून फेरी बाहेरून. आणि ही फेरी एकट्याने करू नका, दोन-तीन घरं मिळून करा, एकमेकांच्या खिडक्यांतून एकमेकांच्या भिंती बघा. समोरच्या बिल्डिंगमधल्यांना विचारा की आमची मागची भिंत कशी दिसते हो? लोक सुरुवातीला चमकतात, मग इतक्या आवडीने सांगतात की विचारू नका. आमच्या समोरच्या आजोबांनी तर गॅलरीत बसून आमच्या भिंतीचा नकाशाच तोंडपाठ केलेला निघाला, कुठल्या पाइपच्या जॉइंटमधून किती पाणी उडतं, कबुतरं कुठे घरटं करतात, सगळं. दहा वर्षं ते बघतायत, कुणी विचारलंच नव्हतं.

बाहेरून बघायच्या गोष्टी: छज्ज्यावरचा कचरा आणि रोपं, पाइप भिंतीत शिरतात त्या भोकांच्या भोवतीची जागा, एसीचा पाइप (तो आतून बाहेर किंचित उतरता पाहिजे, उलटा असेल तर पावसाचं पाणी त्याच्या अंगावरून चालत थेट घरात येतं), आणि भिंत व बीम जिथे मिळतात तिथली आडवी रेघ. रोप दिसलं की उपटून समाधान मानू नका. वरचं तुटतं, मूळ आत राहतं आणि पुढच्या वर्षी दुप्पट जोमाने येतं. सांध्यातलं प्लास्टर थोडं फोडून मूळ काढावं लागतं, मग ती जागा भरायची. छज्ज्यावर स्वतः चढू नका, ती जागा माणसाचं वजन पेलायला बांधलेली नसते. हे काम दोर आणि बेल्ट वापरणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या.

प्लास्टर आतून सुटलंय का हे बघायला स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने भिंतीवर हलकं ठोकत जा. पक्क्या जागी टणक आवाज येतो, सुटलेल्या जागी ढबढब. एकदा कानाला कळलं की चुकत नाही. ढबढब वाजणाऱ्या भागाला खडूने वेढा मारून ठेवा, तेवढंच फोडून नवीन करायचं, सगळी भिंत नाही.

टेरेस किंवा छप्पर

एक हिशोब लक्षात ठेवा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. टेरेस ८० चौरस मीटरची असेल आणि दिवसात ५० मिलिमीटर पाऊस झाला तर ४००० लिटर पाणी. ते सगळं दोन-तीन पाइपांतून खाली जायचंय, आणि त्या पाइपांच्या तोंडाशी एक वाळलं पान, एक दुधाची पिशवी आडवी आली की टेरेसचा हौद होतो. त्यामुळे झाडून घेणं हे अर्धं वॉटरप्रूफिंग आहे, गंमत नाही. जाळ्या काढून धुवा, पाइपात बादलीभर पाणी एकदम ओता आणि एक जण खाली उभा करा. वरून ओतलेलं खाली झटक्यात आलं तर ठीक, गुळगुळ करत उशिरा आलं तर आत काहीतरी अडकलंय.

टेरेसला उतार साधारण मीटरला एक सेंटिमीटर असावा. मोजायची सोय नसेल तर बादलीभर पाणी ओतून दहा मिनिटांनी बघा, डबकं राहतं तिथे खडूने गोल करा. कठडा आणि फरशी मिळतात तो काटकोनी सांधा नीट बघा, गळती बहुतेक तिथूनच असते. चांगले गवंडी तिथे सिमेंटचा गोलसर उतार (वाटा) करतात म्हणजे पाणी कोपऱ्यात थांबत नाही.

कौलं किंवा पत्रे असतील तर फुटलेली कौलं बदला, पत्र्याच्या स्क्रूखालचे रबर वॉशर उन्हाने कडक होऊन चिरतात ते बघा, पन्हळ साफ करा. पन्हळीचा उतार नळाच्या दिशेनेच आहे ना हे पण बघा, नाहीतर पागोळ्या दारासमोरच पडतात.

शिडीबद्दल एकच. भिंतीवर चार मीटर उंच टेकत असेल तर तिचा पाय भिंतीपासून एक मीटर लांब हवा, आणि खाली कुणीतरी धरून उभं पाहिजे. आमच्या इथे पाच घरांत मिळून एक शिडी आहे. जो शिडी मागायला येतो त्याला धरायला माणूसही मिळतो, असा अलिखित नियमच होऊन बसलाय.

खिडक्या

स्लायडिंग खिडकीतून पाणी आत येतं आणि लोक सिलिकॉनच्या नळ्याच्या नळ्या रिकाम्या करतात. आधी खालच्या पट्टीत, बाहेरच्या बाजूला बारीक भोकं किंवा चिरा असतात त्या शोधा. पट्टीत साचलेलं पाणी बाहेर जायला त्या मुद्दाम ठेवलेल्या असतात. धुळीने त्या बुजतात, पट्टी भरते, पाणी आत सांडतं. जुना टूथब्रश आणि बारीक तार, दहा मिनिटांचं काम. आणि कुणी उत्साही माणसाने ती भोकंच सिलिकॉनने बंद केली असतील (हे मी माझ्याच घरी केलं होतं) तर ब्लेडने मोकळी करा. सिलिकॉन लावायचंय ते फ्रेम आणि भिंतीच्या सांध्यात, आणि जुनं पूर्ण काढून, जागा कोरडी करून. जुन्यावर नवीन चिकटत नाही.

लाइट

मीटर बोर्डात एमसीबीच्या (लोड वाढला की आपोआप पडणाऱ्या स्विचच्या) शेजारी एक रुंद स्विच असतो, त्यावर टेस्टचं छोटं बटण असतं. तो आरसीसीबी, करंट गळला की लाइट तोडणारा. लाइट चालू असताना बटण दाबा, खटकन पडला पाहिजे. नाही पडला तर इलेक्ट्रिशियनला लगेच बोलवा. एमसीबी वायरला वाचवतो, माणसाला वाचवतो तो हा. घरासाठी ३० मिलिअँपिअरचा बसवतात. बोर्डात तो नसेलच तर बाकी सगळी कामं बाजूला ठेवून हे आधी करून घ्या. ओल्या भिंतीतल्या स्विचला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटलं तर "जरासा करंट येतो" म्हणून सोडून देऊ नका, मेन बंद करा.

गटारं आणि चेंबर, आणि ज्यांना सगळं ठाऊक असतं ती माणसं

परिसरात कुठलं चेंबर आधी तुंबतं हे सोसायटीच्या सेक्रेटरीला माहीत नसतं, झाडूवाल्या मावशींना माहीत असतं. पाणी आधी कुठे साचतं हे रात्रपाळीच्या वॉचमनला माहीत असतं. जुनी पाइपलाइन कुठून गेलीय हे सगळ्यात जुन्या रहिवाशाला. या तिघांना एकदा एकत्र घेऊन अर्धा तास फिरा, कागदावर वेडावाकडा का होईना नकाशा काढा, आणि तो जिन्याखाली चिकटवा. आम्ही हे केलं तेव्हा मावशींनी जे झाकण दाखवलं ते नव्या फरशीखाली गाडलं गेलं होतं! दरवर्षी गाळ काढायला माणूस यायचा, पुढची दोन चेंबरं साफ करून जायचा, आणि खरं तुंबलेलं तिसरं फरशीखाली. मावशी तेव्हाही सांगत होत्या म्हणे, पण त्यांना विचारलं कोणी होतं?

आणि एक कळकळीचं. चेंबरमधे माणूस उतरवू नका, कधीच नाही. आतला विषारी वायू कमी असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो, जास्त झाला की नाकाला वास कळणंच बंद होतं, त्यामुळे वास येत नाही म्हणजे सेफ हे साफ चूक. मशीन बोलवा, खर्च वाटून घ्या.

पहिला मोठा पाऊस: छत्री घ्या आणि बाहेर पडा

हा माझा सगळ्यात आवडता भाग. पहिल्या जोरदार पावसात लोक घरात बसून खिडकीतून बघतात. तुम्ही छत्री घेऊन, गमबूट घालून अर्धा तास फक्त पाण्याच्या मागे जा (विजा कडाडत असतील तर नको, आणि लोंबणाऱ्या वायरींपासून लांब). टेरेसवरचं पाणी कुठून खाली येतं, कुठे भिंतीवर उडतं, पाया आणि माती मिळतात तिथे डबकं होतं का, शेजारच्या आवारातून आपल्याकडे येतंय की आपलं त्यांच्याकडे. वर्षभरात जे कळत नाही ते या अर्ध्या तासात कळतं. व्हिडिओ काढा, नंतर गवंड्याला तोंडी समजावण्यापेक्षा तो दाखवला की भांडण कमी होतं.

आणि खरं सांगू का, त्या अर्ध्या तासात माणसंही भेटतात. मी गेल्या वर्षी निघालो तर आधीच तिघं बाहेर, एक जण पँट वर खोचून पायाने जाळीवरची पानं सरकवतोय, एक शाळकरी पोरगी तिच्या कागदाच्या होडीमागे पळतेय. होडी जिथे अडकली तिथे आमच्या नकाशावर नवी फुली आली!

पाऊस चालू असताना

आता मोठी रिपेरिंग काढू नका. ओल्या भिंतीवर कोटिंग चिकटत नाही, पैसे पाण्यात. या दिवसात फक्त तात्पुरतं झाकणं आणि वहीत लिहिणं. घट्ट बसणारं लाकडी दार पण रंधा मारून घासू नका, लाकूड दमट हवेत फुगलेलं असतं, कोरड्या दिवसात आकसलं की बोटभर फट पडेल. कडेला मेण चोळून वेळ मारून न्या.

भिंत ओली आहे ती आतून झिरपतंय म्हणून की खोलीतल्या दमट हवेने, हे ओळखायला वीतभर लांब-रुंद, जाडसर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवा आणि एक-दोन दिवस ठेवा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे आले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या, खोलीकडच्या बाजूला आले तर हवेतलं आहे, म्हणजे हवा खेळती ठेवा, कपडे खोलीत वाळत घालणं कमी करा, कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. ही साधी टेस्ट मी दोन वर्षं आधी केली असती तर निदान त्या कुंड्यांच्या मागे लागण्याआधी भिंत तरी नीट बघितली असती.

काळी बुरशी आली असेल तर कोरड्या ब्रशने झटकू नका, ती उडून घरभर होते. मास्क लावून, ओल्या फडक्याने साबणाच्या पाण्याने पुसा आणि ती जागा पूर्ण कोरडी करा. ब्लीच वापरत असाल तर त्यात बाथरूमचं ॲसिड अजिबात मिसळू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. पांढरा लोणा (भिंतीवर फुटलेले क्षार) मात्र कोरड्या ब्रशनेच झाडायचा, पाण्याने पुसला तर क्षार विरघळून परत भिंतीत जातात.

डासांचं बघायचं तर आठवड्यातला एक वार ठरवा, साठवलेलं सगळं पाणी रिकामं. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत उबदार हवेत साधारण सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवडा. नुसतं ओतून चालत नाही, आतून घासा, कारण अंडी पाण्याच्या रेषेच्या वर भांड्याला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही महिनोन् महिने टिकतात. फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालच्या बशा, टेरेसवरचा टायर, टाकीचं फुटकं झाकण. हा डास फार लांब उडत नाही, जन्मला त्याच्या शे-दोनशे मीटरच्या आतच सहसा घुटमळतो, म्हणजे तुम्हाला चावलेला डास बहुधा तुमच्याच आळीतला. एका घराने करून उपयोग शून्य, सगळ्यांनी एकाच वारी करावं लागतं. आमच्याकडे हे काम पोरांच्या टोळीकडे आहे, ती दारोदार जाऊन बशा तपासतात आणि मोठ्यांना सगळ्यांसमोर झापतात, आणि मोठेही ऐकून घेतात.

थंडी

फार काही नाही. गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह तपासा. गॅसचा गीझर असेल तर तो बाथरूमच्या बाहेर, किंवा वरची हवेची जागा कायम उघडी. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणसाला जाग येत नाही. लोकरीचे कपडे परत ठेवताना धुऊनच ठेवा, घामाचे डाग असलेल्या कपड्याला कसर आधी लागते. कडाक्याची थंडी पडून पाणी गोठत असेल तर उघड्यावरच्या पाइपांना गुंडाळून घ्या, पाण्याचा बर्फ होताना ते साधारण नऊ टक्के फुगतं आणि पाइप चिरतो.

एकटे राहणारे कुणी आजी-आजोबा जवळ असतील तर या दिवसात सकाळी त्यांच्या खिडकीचा पडदा उघडला का एवढं बघायची सवय लावून घ्या. जमलं तर एकमेकांकडे जादा किल्ली ठेवा. आमच्या काकूंची किल्ली आता माझ्याकडे असते, आणि माझी त्यांच्याकडे. त्या किल्लीमुळेच एकदा त्यांच्या घरचा चालू राहिलेला नळ मी बंद करू शकलो, नाहीतर यावेळी खरंच वरून पाणी आलं असतं.

उन्हाळा: खरी कामं आता

वही उघडा. पावसात लिहिलेलं सगळं आता करायचं, भिंती पूर्ण वाळल्यावर. बाहेरचे तडे आधी व्ही आकारात थोडे रुंद कोरून, धूळ काढून, मग भरायचे, वरवर बोटाने लेप दिला तर पहिल्याच पावसात निघतो. टेरेसचं कोटिंग सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, कारण तापलेल्या फरशीवर ते वाळण्याआधीच करपतं. पहिला हात एका दिशेने, तो वाळल्यावर दुसरा आडव्या दिशेने, आणि कोपऱ्यांत फायबरची जाळी. पांढरं कोटिंग घेतलं तर ऊनही परावर्तित होतं, खालची खोली जरा सुसह्य होते. एसीच्या जाळ्या दर दोन आठवड्यांनी धुवा, पाण्याची टाकी साफ करा, घरावर आलेल्या फांद्या छाटून घ्या, पण छाटण्याआधी घरटं आहे का बघा.

काम झालं की लगेच पैसे चुकते करू नका, आधी पाणी थांबवून बघा. पाइपांची तोंडं गोणपाटाने बंद करून टेरेसवर दोन-अडीच सेंटिमीटर पाणी एक दिवस-रात्र राहू द्या. त्यापेक्षा जास्त भरू नका, एक सेंटिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला दहा किलो वजन, आणि स्लॅब जुना, तडे गेलेला असेल तर आधी इंजिनिअरला विचारा. चोवीस तासांनी टॉर्च घेऊन खालच्या घरातलं छत बघायचं, म्हणून खालच्या मंडळींना आदल्या दिवशीच सांगून ठेवा, पंखे बंद आणि माळे रिकामे करून घ्या, आणि बघायला स्वतः जा, त्यांनाच "कुठे ओल दिसतेय का बघा हो" असं फोनवर विचारून मोकळे होऊ नका.